सातवा रकाना

परळच्या पालिका रुग्णालयात, तळमजल्यावर,
एक्स-रेच्या रांगेला वळसा घातला की माझी खोली.
लोखंडी टेबल, त्याला दोन खण.
डाव्यात सरकारी योजनेचे अर्ज,
उजव्यात धर्मादाय ट्रस्टांचे.
सव्वीस वर्षं मी या दोन खणांच्या मधे बसते.

फुलवंता खरटमल मानखुर्दहून आली,
पोराला कडेवर घेऊन. सहा वर्षांचा, वजन अकरा किलो,
हृदयाला भोक.
नखं जांभळात बुडवून काढल्यासारखी, आणि हसरा.
मी दोन्ही खण उघडले.

डावा खण विचारतो : कार्ड केशरी आहे?
उत्पन्नाचा दाखला? दोन्हीकडे नाव एकच?
कार्डावर ‘प्रणव’ होता, आधारवर ‘प्रनव’.
त्या एका ‘ण’साठी
तिची चार दिवसांची धुणीभांडी बुडाली.

उजवा खण कागद कमी मागतो.
फक्त सातव्या रकान्यात लिहिलेलं असतं :
वडिलांना व्यसन आहे का?
तिनं माझ्याकडे पाहिलं.
मी ‘नाही’ लिहिलं.
डाव्या खणानं हे कधीच विचारलं नव्हतं.
त्याला बाप पितो की नाही याच्याशी कर्तव्य नाही,
आई रडते की नाही याच्याशीही नाही.
यातलं कुठलं सभ्यपण आणि कुठलं दगडपण,
मला अजून नीट वेगळं करता येत नाही.

विसनजीशेठ मस्जिद बंदरहून स्वतः आले.
चपला दाराबाहेर काढल्या,
हे देऊळ नाही म्हटलं तरी.
फोटो नको, नाव नको, पोराला पाहू द्या, बस.
पाहिलं. घाम पुसला. मग म्हणाले,
‘बाई, कर माझ्याकडून घेतात. हे मी देतो.
घेतलेल्याचं पुण्य कुणाच्या वहीत लिहायचं?
माझा खिसा कापून कुणी समईत तेल घातलं,
तर उजेड पडेल, ना नाही.
पण दिवा लावला कुणी?’

कोपऱ्यात फुलवंता. तिला कुणी विचारलं नव्हतं.
‘साबणाच्या वडीवर मी पण भरते की, शेठ.
बिस्किटाच्या पुड्यावर. फोनच्या रिचार्जवर.
त्या पैशात माझे पण आहेत.
तुमच्यात नाहीत.
तुमच्यापुढं हात जोडते.
तिथं मला भांडता येतं.’

शेठ रागावले नाहीत.
चेक टेबलावर ठेवला तो
जरा लांब ठेवला, एवढंच.

ऑपरेशन मंगळवारी झालं, शेठच्या पैशानं.
तिसऱ्या दिवशी नखं गुलाबी.
योजनेची मंजुरी आली पुढच्या सोमवारी,
शिक्का, सही, जावक क्रमांक, सगळं जिथल्या तिथं.

मी शेठना फोन केला. ते हसले,
‘म्हणजे माझ्याकडून दोनदा!’
मग थांबले. मागे गोणी पडल्याचा आवाज.
‘ती मंजुरी दुसऱ्या पोराला लावा ना.’
लागत नाही, शेठ. ज्याच्या नावाची, त्याच्याच छातीची.
‘हेच. हेच म्हणतो मी,’ आणि फोन ठेवला.

मला पुढचं सांगायचं होतं :
बाजार बसला होता त्या वर्षी
एकाच आठवड्यात पाच ट्रस्टांची पत्रं आली,
पाचांत ‘खेदाने कळवतो’,
तुमच्याही लेटरहेडवर.
त्या वर्षी अठरा पोरं डाव्या खणातून गेली.
दोन जण वाट बघता बघता.

आज सकाळी एक बाप एकटाच आलाय.
तोंडाला वास. मांडीवर मुलगी झोपलेली,
फ्रॉकला कडक इस्त्री, घडीची रेघसुद्धा मोडलेली नाही.
मी उजव्या खणातला अर्ज काढला,
लिहीत लिहीत सातव्या रकान्यापाशी आले,
‘ना’ लिहिला.

त्यानं वाकून पाहिलं. वाचता येत होतं त्याला.
‘बाई, खरं लिहा.’

मी अर्ज उलटा ठेवला.
डावा खण ओढला. अडकला.
खालून एक लाथ घातली,
नेहमीच्या जागी.